तयार गाडी आणि सेटरचे काम

रेडिओ-नियंत्रित गाड्यांच्या छंदात ‘रेडी टू रन’ ही संज्ञा अशा गाडीसाठी वापरली जाते, जी कारखान्यातूनच जोडून, रंगवून, मोटार आणि रेडिओसंच बसवून येते आणि जी चालवण्यासाठी घेणाऱ्याने, निदान खोक्यावरील मजकुराप्रमाणे, बॅटरी चार्ज करण्यापलीकडे काही करायचे नसते. तिच्या दुसऱ्या टोकाला ‘किट’ असते, म्हणजे सुट्या भागांच्या पिशव्या, स्क्रूंच्या पुड्या आणि जोडणीचे पुस्तक असलेली पेटी, जिच्यातून गाडी उभी करणे हाच अर्धा छंद मानला जातो. हा भेद वरवर सोयीचा दिसतो, पण त्याचा इतिहास पाहिला तर तो श्रम कोठे घडतात याचा भेद आहे, असे लक्षात येते. जुळणीचे काम तयार गाडीत नाहीसे झालेले नसते, ते घेणाऱ्याच्या टेबलावरून एखाद्या दूरच्या कारखान्यात गेलेले असते, आणि माळ, मुरूम व चिखल यांवर धावणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत तर त्यातले बरेचसे पुन्हा घेणाऱ्याकडेच परत येते. वस्तू ‘तयार’ आहे म्हणजे ती नेमकी कोणी, कोठे आणि कितपत तयार केली, हा प्रश्न तळेगाव दाभाडे या गावाला नवा नाही, किंबहुना गेल्या शतकाहून अधिक काळ तो या गावाच्या वेशीवर वेगवेगळ्या रूपांत येऊन उभा राहिला आहे.

सेनापती दाभाड्यांचे नाव मिरवणाऱ्या या गावाच्या औद्योगिक इतिहासाचा आरंभ १९०८ सालच्या पैसा फंड काच कारखान्यापासून धरावा लागतो. दरमाणशी वर्षाला एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारावेत ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांची, तिला लोकमान्य टिळकांचे पाठबळ मिळाले आणि जमलेल्या निधीतून जो उद्योग निवडला गेला तो काचेचा होता, कारण बांगड्या, मणी, दिव्यांच्या चिमण्या आणि बाटल्या असा रोजच्या वापरातला काचमाल त्या काळी मोठ्या प्रमाणात परदेशातून तयार होऊन येत असे. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या या कारखान्याचे खरे वैशिष्ट्य असे, की तो माल बनवण्याइतकाच माणसे शिकवण्यासाठी होता आणि येथे शिकलेले कारागीर पुढे इतर प्रांतांतल्या काच कारखान्यांतही गेले. स्वदेशीच्या वादात ‘तयार माल’ हा शब्द जवळजवळ परकीयत्वाचा समानार्थी झाला होता, आणि त्याला दिलेले उत्तर म्हणून तळेगावने भट्टी उभारली. भट्टीवरच्या माणसाला आणखीही एक गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे आकार आला तरी काच तयार झालेली नसते. फुंकून घडवलेले भांडे मंद होत जाणाऱ्या उष्णतेत सावकाश थंड करावे लागते, नाही तर त्याच्या अंगात राहिलेला ताण पुढे कधी तरी, कोणी हात न लावताही, त्याला तडा देतो.

मोटारींच्या बाबतीत हाच प्रश्न उलट बाजूने आला. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला, तेव्हा गाड्या परदेशातून सुट्या भागांच्या रूपात खोक्यांतून येत आणि येथे त्या जोडल्या जात. या पद्धतीला उद्योगाच्या परिभाषेत ‘सीकेडी’, म्हणजे पूर्ण सुटी अवस्था, म्हणतात, आणि छंदातल्या किटशी तिचे नाते केवळ उपमेचे नाही. स्वातंत्र्यानंतर महिंद्रा कंपनीने माझगावला जीप जोडायला घेतली तीही आधी याच रीतीने, त्यामुळे रस्त्याबाहेर चालणारी आपल्याकडची सर्वांत परिचित गाडी या देशात प्रथम एक किट म्हणूनच उतरली असे म्हणता येते. सरकारी धोरणानेही हा भेद जपला. पूर्ण तयार गाडीवर जबर आयात शुल्क आणि सुट्या भागांवर त्याहून कमी, अशी रचना ठेवल्याने ‘तयार’ हा शब्द जकातीच्या तक्त्यातला एक रकाना होऊन बसला.

शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, टेल्को आणि बजाज यांच्या मागोमाग लहानमोठी वर्कशॉपे पिंपरी-चिंचवडमध्ये दाटली आणि पुढे हा पट्टा चाकण व तळेगावकडे सरकला. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तळेगावला कारखाना काढला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. तळेगावच्या कारखान्यातून डिसेंबर २०२० मध्ये शेवटच्या गाड्या बाहेर पडल्या, मधल्या काळात एका चिनी कंपनीशी झालेला विक्रीचा करार तडीस गेला नाही, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने ती मालमत्ता घेण्याचा करार केला. हा तपशील सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून मोलाचा आहे तो या पट्ट्याने घडवलेला एक शब्द. येथल्या यंत्रशाळांमध्ये सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, यंत्र चालवणारा तो ‘ऑपरेटर’ आणि नवा जॉब लागताना हत्यारे बसवून, ऑफसेट, म्हणजे हत्यारांच्या मापांची दुरुस्ती, देऊन यंत्र त्या कामासाठी जुळवणारा तो ‘सेटर’. सेटरने काढलेला पहिला नग, ज्याला ‘फर्स्ट पीस’ म्हणतात, मापात उतरला असे तपासणीने मान्य केल्याशिवाय पुढचे उत्पादन सुरू होत नाही. रेडी टू रन गाडीची गोष्ट ही या दोन भूमिकांच्या वाटणीची गोष्ट आहे : विक्रेता घेणाऱ्याला सांगतो की तू केवळ ऑपरेटर आहेस, आणि गाडी मात्र त्याच्याकडून सेटरचे काम मागते.

बिनतारी लहरींनी वाहन हाकण्याचे पहिले प्रसिद्ध जाहीर प्रात्यक्षिक निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका छोट्या बोटीवर करून दाखवले आणि त्याच वर्षी त्याचे पेटंटही मिळवले. खेळगाडीपर्यंत ती कल्पना यायला मात्र ट्रान्झिस्टरची वाट पाहावी लागली. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात इटली आणि इंग्लंडमध्ये रेडिओवरच्या मोटारगाड्या विकल्या जाऊ लागल्या, तरी त्या सपाट डांबरी मैदानावर चालणाऱ्या, महाग आणि हौशी यंत्रज्ञांपुरत्या होत्या. त्या घरोघरी नेल्या त्या शिझुओका येथील तामिया या जपानी कंपनीने, जिचा मूळ धंदा लाकडाचा आणि नंतर प्लास्टिकच्या स्थिर प्रतिकृतींचा होता. १९७६ मध्ये तिने बाजारात आणलेली पोर्श ९३४ ही विजेरी गाडी किटच्या रूपात होती, आणि १९७९ मध्ये आलेल्या रफ रायडर व सँड स्कॉर्चर या गाड्यांनी रस्ता सोडला. या दोन्ही गाड्या कॅलिफोर्नियाच्या वाळूत धावणाऱ्या फोक्सवॅगनच्या फेरबदल केलेल्या गाड्यांच्या प्रतिकृती होत्या. त्यांचे सस्पेन्शन, म्हणजे चाकांना खालीवर होऊ देणारी धातूची रचना, मूळ गाडीवरून घेतलेले होते आणि रेडिओचे नाजूक भाग पाणी व धूळ आत जाऊ नये म्हणून एका बंद पेटीत ठेवलेले होते. खेळगाडीच्या रचनाकाराने चिखल गृहीत धरला, आणि रस्त्याबाहेरच्या गाड्यांचा इतिहास त्या बंद पेटीपासून मोजण्यास हरकत नाही.

१९८४ हे वर्ष दोन दिशांनी महत्त्वाचे ठरले. तामियाच्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या स्वस्त, सोप्या किटांनी शाळकरी मुलांना स्क्रूड्रायव्हर हाती धरायला लावला, तर कॅलिफोर्नियातील असोसिएटेड इलेक्ट्रिक्सच्या आरसी-१० या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या गाडीने शर्यतीसाठीच घडवलेल्या गाडीचा नमुना घालून दिला, आणि १९८५ मध्ये दशमांश आकाराच्या विजेरी ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा कॅलिफोर्नियातच भरली. या सगळ्या गाड्या किट होत्या, आणि त्यामुळे त्या चालवणारा प्रत्येक जण आपली गाडी आतून ओळखत असे. डिफरन्शियल, म्हणजे वळणावर आतल्या व बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी यंत्रणा, त्याने स्वतःच्या हाताने भरलेली असे आणि ती बिघडली तर कोठे उघडायची हे त्याला ठाऊक असे. ही साखळी तोडली ती टेक्सासमध्ये १९८६ साली स्थापन झालेल्या ट्रॅक्ससने, जिने जोडून दिलेल्या गाडीलाच आपला धंदा केले. जुन्या छंदिष्टांनी त्यावर नाके मुरडली खरी, पण त्यांच्या तक्रारीत थोडा अहंकारही होता, कारण किट जोडायला लागणारे सलग चार-पाच रिकामे दिवस, चांगली हत्यारे आणि चुकल्यास दुसरा भाग आणण्याची ऐपत ही प्रत्येकाच्या नशिबी नसते. २००८ मध्ये आलेल्या स्लॅश या ट्रकपर्यंत तयार गाडी हीच बाजाराची मुख्य वस्तू झाली आणि किट शर्यतवाल्यांपुरते उरले.

भारतात या गाड्यांच्या वाटेत दोन नाकी होती, एक लहरींचे आणि दुसरे आयातीचे. १९३३च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्यावाचून बिनतारी उपकरण नुसते बाळगण्यासही मनाई केलेली होती, आणि घरातल्या साध्या रेडिओसंचासाठीही दर वर्षी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत, ही गोष्ट ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. खेळगाड्या ज्या २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालत, त्यात क्रिस्टल नावाचा स्फटिकाचा लहानसा तुकडा गाडीची लहर ठरवी. तपकिरी, तांबडी, नारिंगी, पिवळी, हिरवी आणि निळी अशा सहा रंगांच्या सहा लहरी होत्या. दोन गाड्यांत एकाच रंगाचा क्रिस्टल असला की एकाचा हात दुसऱ्याची गाडी वळवी, म्हणून मैदानावर आधी रंग विचारण्याची रीत पडली होती. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी ही रंगांची भानगड मिटवली, कारण त्यात हातातला ट्रान्समीटर आणि गाडीतला रिसीव्हर एकमेकांची ओळख साठवून ठेवतात, ज्याला ‘बाइंड करणे’ म्हणतात. भारत सरकारने २००५ मध्ये या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून मोकळे केले, ते अर्थात संगणकांच्या बिनतारी जाळ्यांचा विचार करून, आणि खेळगाड्यांना तो लाभ आयताच मिळाला.

आयातीचे नाके १९९१ नंतर सैल होत गेले आणि १ एप्रिल २००१ रोजी ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले. तोवर परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून जे येईल तेच खरे, अशी स्थिती होती. पुढे वारे पुन्हा फिरले. खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. हा गुणवत्तेचा आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना लागू असल्याने, छंदाच्या गाड्यांच्या खोक्यांवर असणाऱ्या ‘१४ वर्षांवरील’ या ओळीला आपल्याकडे सूचनेपलीकडचा, कायद्याचाही अर्थ प्राप्त होतो. देशी उत्पादन वाढावे हा या शुल्कामागचा हेतू १९०८ च्या हेतूशी जुळणारा आहे. फरक एवढाच, की पैसा फंडाने शुल्क लावले नव्हते, कारण ते त्याच्या हाती नव्हते. त्याने शाळा काढली होती.

अशा वाटेने येऊन पोहोचलेल्या गाडीचे खोके उघडल्यावर पहिली छाप पडते ती पॉलिकार्बोनेटच्या पातळ, रंगीत कवचाची, ज्याला ‘बॉडी’ म्हणतात आणि जे चार क्लिपा काढताच हातात येते. जाणकार मात्र ते बाजूला ठेवून सांगाडा उलटा करतात, कारण गाडीचा दर्जा बॉडीत नसून स्क्रूंत, बेअरिंगांत आणि सस्पेन्शनच्या सांध्यांत असतो. धातूत बसणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉक, म्हणजे कंपनाने सैल होऊ न देणारा चिकट द्रव, लावलेला आहे की नाही हे पाहण्याचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे ते एकेक करून काढून पाहणे, आणि घाईच्या जोडणीत तो लावायचा राहून जातो हे या छंदातले जुने दुखणे आहे. प्लास्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूंना तो लावायचा नसतो, उलट तेथे जोर लावून पिळल्यास आटेच मोडतात. येथे किटच्या काळातले ज्ञान दुसऱ्या दाराने परत येते : जोडायची गाडी तर गेली, पण निम्मी उघडायची गाडी राहिली.

विजेच्या बाजूची पाहणी क्रमाने करावी लागते आणि त्या क्रमालाही इतिहास आहे. आधी ट्रान्समीटर चालू करावा आणि मग गाडी, बंद करताना आधी गाडी आणि मग ट्रान्समीटर, हा दंडक जुन्या संचांच्या काळातला, जेव्हा मालकाची लहर नसलेली गाडी भलत्याच लहरीने धावत सुटे. आजच्या संचांत लहर तुटल्यास गाडी थांबवणारी ‘फेलसेफ’ सोय असते, तरीही पहिल्यांदा गाडी चालू करताना तिची चाके जमिनीपासून उचलून धरण्याची सवय शहाण्यांनी सोडलेली नाही. बॅटरीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांत १.२ व्होल्टच्या सहा पेशी मिळून ७.२ व्होल्ट होत, तर लिथियम-पॉलिमर बॅटरीत ३.७ व्होल्टच्या दोनच पेशी ७.४ व्होल्ट देतात. परंतु निकेल रिकामी होईपर्यंत वापरलेली चालते आणि लिथियमची पेशी ३ व्होल्टच्या खाली गेली की कायमची बिघडते. म्हणून मोटारीचा वेग नियंत्रित करणाऱ्या पेटीला, जिला ‘ईएससी’ म्हणतात, कोणती बॅटरी जोडली आहे हे सांगावे लागते, म्हणजे व्होल्टेज उतरताच ती गाडीला आपोआप मंद करते. रेडी टू रन गाडीत ही निवड कारखान्याने केलेली असते, मात्र ती घेणाऱ्याच्या बॅटरीला जुळणारी असेलच असे नाही.

सेटरचे खरे कौशल्य लागते ते मोटारीच्या टोकावरचे लहान चक्र, पिनियन, आणि त्याला लागून फिरणारे मोठे चक्र, स्पर, यांच्यामधील फटीत. ती अजिबात नसली तर दाते तापतात आणि मोटार ओढाताण करते, जास्त असली तर दाते निसटून झिजतात, आणि यंत्रशाळांत ‘बॅकलॅश’ नावाने ओळखला जाणारा हाच दोष गाडीत कर्कश आवाजाने प्रकट होतो. त्याच्या शेजारीच ‘स्लिपर क्लच’ असतो. तो अचानक आलेला झटका दात्यांपर्यंत न पोहोचता चकतीच्या घसरण्यात जिरवतो, आणि त्याचे नट किती आवळायचे हे जमिनीवर अवलंबून असते. कारखान्याला ती जमीन माहीत नसते. तळेगावच्या माळावरचा सुटा मुरूम चाकाला धरू देत नाही, त्यामुळे तेथे क्लच काहीसा घट्ट ठेवला तरी निभावते. पावसाळ्यात मात्र मावळची चिकट माती टायरांच्या खाचांत भरून चाके जड होतात आणि तोच घट्टपणा स्परच्या दात्यांवर येतो. शॉकॲब्सॉर्बरमध्ये, ज्याला गॅरेजांत नुसते ‘शॉकअप’ म्हणतात, सिलिकॉनचे तेल असते आणि ते जितके दाट तितकी चाकाची हालचाल संथ. खडबडीत जमिनीवर पातळ तेल आणि सांगाडा थोडा उंच, सपाट मैदानावर याच्या उलट, हा सर्वसाधारण हिशेब झाला. मागची चाके वरून किंचित आत झुकलेली, म्हणजे एक-दोन अंशांचा उणा ‘कॅम्बर’, ठेवल्यास वळणावर पकड वाढते. याहून बारीक हिशेब शर्यतवाल्यांनी करावेत, माळावर हौसेने फिरवणाऱ्याला त्यांचा उपयोग फारसा नाही.

येथे एक गोष्ट ओघात नोंदवण्याजोगी आहे. रस्त्याबाहेरच्या मातीवर चाके पळवून वेळ मोजण्याची रीत मावळ-खेड-जुन्नरच्या गावांना परकी नाही, कारण येथल्या जत्रांतली बैलगाडा शर्यत अशीच असते : चढाच्या धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात, एका गाड्याच्या एका धावेला ‘बारी’, आणि निकाल सेकंदांवर लागतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शर्यत बंद केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदी उठल्यावर आधी झालेले काम म्हणजे घाटांची डागडुजी, दगड वेचणे आणि मुरूम पसरून दाबणे. गाडा हलका कसा ठेवावा आणि घाटाची माती किती दाबावी हे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत नाही, पण ते सेटिंगचेच ज्ञान आहे.

पहिली बॅटरी संपेपर्यंतची धाव ही तयार गाडीची ‘फर्स्ट पीस’ तपासणी मानावी, असे या सगळ्यावरून सुचते. पंधरा-वीस मिनिटे अर्ध्या वेगाने चालवून गाडी थांबवावी, मोटारीवर बोट ठेवून ती किती तापली हे पाहावे, चाकांचे नट पुन्हा आवळावेत, एखादे चाक डगमगते का हे हाताने हलवून बघावे आणि मगच पूर्ण वेग द्यावा. सुकाणू सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर ट्रान्समीटरवरचे ‘ट्रिम’ फिरवून ती सरळ करण्याचा मोह होतो, परंतु ओढ दांड्यांच्या असमान लांबीतून आलेली असेल तर ट्रिमने केवळ लक्षण झाकले जाते आणि एक टायर लवकर झिजतो. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही; मोजमाप चुकले की ऑफसेटमध्ये भर घालून नग पास करणारा सेटर त्यानेही पाहिलेला असतो. त्याच्या खिशातल्या फिलर गेजच्या पात्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत फट मोजतात. छंदातला माणूस पिनियन आणि स्पर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी सरकवतो, मोटार तिच्यावर दाबून स्क्रू आवळतो आणि पट्टी काढून घेतो, आणि ती न फाटता, दात्यांच्या घड्या घेऊन बाहेर आली की फट बरोबर धरतो.